मॉडेल आन्सर क्रमांक सात

"डिफिकल्ट हा शब्द आजपासून बंद," असं अश्विन सरांनी जाहीर केलं, तेव्हा वर्गातल्या बारा नर्सेसनी तो शब्द वहीत लिहिला आणि त्यावर इमानदारीत फुली मारली. सरांचं म्हणणं असं, की डिफिकल्ट हा पाचवीतल्या पोराचा शब्द. परदेशी हॉस्पिटलच्या पॅनेलसमोर बसायचं, तर माणसाला आपले हालसुद्धा जरा ऐटीत सांगता आले पाहिजेत. मग त्यांनी फळ्यावर यादी काढली. हार्ड टाइम. रफ पॅच. अपहिल बॅटल. अगेन्स्ट ऑल ऑड्स. कीपिंग माय हेड अबव्ह वॉटर. लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल. मोजून पंचवीस. "एका उत्तरात किमान तीन यायलाच पाहिजेत," सर म्हणाले. "भाजीत मीठ घालता ना, तसे घालायचे."

तीनतीनदा मीठ घातलं तर भाजी खाणार कोण, असं शेवटच्या बाकावरच्या ललिताच्या मनात आलं. पण ती बोलली नाही. तिने खाली मान घालून पंचवीसच्या पंचवीस उतरवून घेतले.

ललिता भोये चोवीस वर्षांची होती. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात नर्स होती, आणि सुरगाण्याच्या बाजूच्या एका डोंगरावरच्या पाड्यावरून आलेली होती. तीन वर्षं शिक्षणाची, तीन नोकरीची, अशी सहा वर्षं तिने या शहरात काढली होती, आणि सहा वर्षांत तिला इथे एक माणूस जोडता आला नव्हता. वॉर्डात दिवसभर "सिस्टर, सिस्टर" चालायचं. हाका मारणारे बरे होऊन घरी जायचे, नाहीतर त्यांना खाली शवागारात नेलं जायचं. पंचवटीतल्या हॉस्टेलवर खोलीत दुसरी खाट होती, पण तिच्यावरची मुलगी दर पाचसहा महिन्यांनी बदलायची, आणि ललिताला नवीन मुलीशी बोलायला धीर होईपर्यंत ती जुनी होऊन निघून गेलेली असायची. जेवलीस का, असं तिला विचारणारा एकच माणूस होता, तिचा बाप देवराम. तो दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला यायचा आणि रविवारी फोन करायचा. "बरं हाय ना?" तो विचारायचा. "बरं आहे," ती म्हणायची. मग दोघेही जरा वेळ फोन कानाला लावून बसायचे आणि ठेवून द्यायचे.

आता आयर्लंडमधलं एक हॉस्पिटल पंधरा नर्सेस घेणार होतं. पाच आठवड्यांनी नाशिकलाच मुलाखती होत्या. ललिताला ती नोकरी हवीच होती. बापाला दुसऱ्याच्या बागेत जायला लागू नये, हे कारण ती विचारणाऱ्यांना सांगायची आणि ते खोटं नव्हतं. पण मनातलं कारण निराळं होतं. एकटंच राहायचं, तर जरा लांब जाऊन राहू. निदान लोकांना वाटेल, बिचारी लांब आहे म्हणून एकटी आहे.

तिचं नर्सिंग पक्कं होतं. इंजेक्शन देताना पेशंटला कळायचंसुद्धा नाही. घोडं अडत होतं ते तोंड उघडण्यापाशी.

कॅनडा कॉर्नरजवळ मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर हा क्लास भरायचा. अश्विन सर मनाने वाईट नव्हते. स्वतः आयुष्यात पुण्याच्या पुढे न गेलेला हा माणूस दरवर्षी दहावीस जणींना विमानात बसवून द्यायचा, आणि विमानतळावरून मुलींनी पाठवलेले फोटो फळ्याच्या वर चिकटवायचा. त्यांचा एक ठाम सिद्धान्त होता, की पॅनेल सगळीकडे तेच प्रश्न विचारतं, म्हणून उत्तरंही तयार ठेवायची. त्यांची झेरॉक्सची वही होती, 'मॉडेल आन्सर्स'. माझी ओळख क्रमांक एक, माझे छंद क्रमांक दोन, असं करत करत सहापर्यंत गाडी आली होती. सातवा प्रश्न होता, "तुमच्या आयुष्यातला कठीण प्रसंग सांगा आणि त्यातून तुम्ही कशा बाहेर आलात तेही सांगा." त्याचं मॉडेल उत्तर सरांना अजून सापडत नव्हतं.

"तुम्हीच घरून आणा," सर म्हणाले.

मुलींनी आणली. एकीला बारावीत मार्क कमी पडले होते. एकीची स्कूटी शिकताना खड्ड्यात गेली होती. इंदिरानगरच्या तेजलला ऐन दहावीत कांजिण्या आल्या होत्या. ही तेजल बोलायला चुणचुणीत. तिची आई तिला रोज स्कूटरवरून आणून सोडायची, आणि क्लास सुटेपर्यंत खाली डबा घेऊन उभी असायची. "कांजिण्यांना आयर्लंडमध्ये कोण विचारतंय?" सर कपाळाला हात लावून म्हणाले. वर्ग हसला, तेजलही हसली.

ललिताचा नंबर आला तेव्हा वेळ संपली होती. सर म्हणाले, "तू थांब जरा. तुझं ऐकून मगच कुलूप लावतो."

सगळ्या जणी खाली गेल्या. ललिता उभी राहिली. "सर, माय मदर. स्नेक. आय ॲम इलेव्हन," एवढं बोलून तिची गाडी अडली.

"मराठीत सांग आधी," सर म्हणाले. "इंग्रजी आपण नंतर बघू."

मग तिने मराठीत सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतून ती पाड्यावर आली होती. सकाळी आई उठली तर तिच्या पापण्या उचलेनात. जमिनीवर निजलेली, अंथरुणात मण्यार शिरली होती. पाड्यापर्यंत रस्ता नव्हता, खाली डांबरी रस्त्यावर जीप मिळायची, दीड तासाची उतरण. बांबूला चादर बांधून डोली केली, आईला तीत निजवलं आणि दोन चुलते, शेजारचा भिकन आणि बाबा, असे चौघे निघाले, आळीपाळीने दोघं खांदा द्यायचे. मागचा खांदा मात्र बाबाने कुणाला दिला नाही. साप चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही, झोपला की संपला, हे पाड्यावर सगळ्यांना पक्कं ठाऊक. म्हणून बाबा म्हणाला, "ललिते, तू मागनं बोलत ऱ्हा. आईला झोपू देऊ नको."

वाट एका माणसापुरती. ललिता बाबाच्या पाठीमागे चालत होती. तिला बाबाची पाठ दिसायची, आई दिसायची नाही. ती बोलत राहिली. शाळेतलं सांगितलं, वॉर्डनबाईंचं सांगितलं, डाळीतल्या पाण्याचं सांगितलं. अकरा वर्षांच्या पोरीकडे सांगण्यासारखं असून असून किती असणार? तासाभरात बोलणं संपलं. मग तिने पाढे म्हणायला सुरुवात केली. आई भागीबाईला एक अक्षर येत नव्हतं, पण पाढे ऐकायला फार आवडायचे. चुलीपाशी बसून ती पोरीला पाढे म्हणायला लावायची, आणि एकेक पाढा संपला की "हं" म्हणायची, म्हणजे पुढचा म्हण. त्या दिवशीही तसंच झालं. दोनचा संपला, पुढून बारीक आवाजात "हं" आलं. तीनचा संपला, "हं".

"मग?" सरांनी विचारलं.

"मग रस्ता आला."

"आणि आई?"

"एक्स्पायर झाली, सर," ललिता म्हणाली. हा वॉर्डातला शब्द होता. तो तिला रोज लागायचा, म्हणून चटकन तोंडात आला.

एक गोष्ट मात्र तिने सरांना सांगितली नाही. ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. सतराच्या पाढ्यात ती अडखळली होती. सतरा सक एकशे दोन म्हटलं आणि पुढचं काही केल्या आठवेना. ती गप्प झाली. पुढूनही काही आवाज आला नाही. तेवढ्यात रस्ता लागला, डोली खाली ठेवली, आणि भिकनने आईच्या तोंडावर पदर ओढला. आपण थांबलो आणि तेवढ्यात आई झोपली, हे अकराव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं होतं आणि चोविसाव्या वर्षीही सोडलं नव्हतं.

सर नाक ओढून म्हणाले, "अगं, हे फार मोठं आहे. फक्त शेवट असा चालणार नाही. पॅनेलला संकट चालतं, पण त्यातून बाहेर आलेलं माणूस लागतं. मृत्यूवर संपवलंस तर म्हणतील, ही मुलगी खचलेली आहे." ते खुर्चीत पुढे सरकले. "आपण आईला वाचवू या. चालेल?"

"चालेल सर," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती रिक्षाने गेली नाही. कॅनडा कॉर्नरपासून पंचवटीपर्यंत चालत गेली. छातीवरचा धोंडा कुणीतरी जरासा उचलून धरावा तसं तिला वाटत होतं. एवढ्या मोठ्या शहरात आता एक तरी माणूस होता, ज्याला आपलं माहीत होतं. पुलावर थांबून तिने भेळ घेतली आणि एकटीने खाल्ली, आणि त्या दिवशी एकटीने खाल्ल्याचं तिला काही वाटलं नाही.

सोमवारी सरांनी झेरॉक्सचे नवे कागद वाटले. मॉडेल आन्सर क्रमांक सात. "वाच, तेजल," ते म्हणाले.

तेजल उभी राहिली. खणखणीत आवाजात तिने सुरुवात केली, "व्हेन आय वॉज इलेव्हन, माय फॅमिली वेंट थ्रू अ व्हेरी रफ पॅच."

ललिताला आधी कळलंच नाही. मग साप आला. मग डोली आली. सरांनी मेहनत घेतली होती, यात शंका नाही. मण्यारीचा चावा रफ पॅच झाला होता. वाट खरी उताराची, पण इंग्रजीत ती चढाची झाली होती, कारण अपहिल बॅटल कुठेतरी बसवायचं होतं. खालच्या रस्त्यावरची जीप म्हणजे लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल. पाढेसुद्धा होते. आणि शेवटी, अगेन्स्ट ऑल ऑड्स, हॉस्पिटलच्या खाटेवर माय मदर ओपन्ड हर आइज, आणि त्याच दिवशी आय डिसायडेड टु बिकम अ नर्स.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. एकीने डोळे पुसले. "सर, कसलं भारी सुचलं तुम्हाला!" तेजल म्हणाली. सर कानकोंडे हसले आणि त्यांनी ललिताकडे पाहिलं नाही.

क्लास सुटल्यावर ती थांबली. "सर, ते माझं होतं," एवढंच तिला म्हणता आलं.

"अगं, नाव कुठे घातलंय तुझं?" सर म्हणाले. "आणि तुझं सगळ्यांत चांगलं होतं म्हणून तर घेतलं ना. बाराच्या बारा जणी पास झाल्या तर तुझ्या आईचेच आशीर्वाद की." हे त्यांनी मनापासून म्हटलं, म्हणून तर जास्त लागलं. भांडायचं तर कुणाशी? आणि कशावरून? सगळ्यांसमोर माझं आहे म्हणायचं, तर आई वाचली नाही हेही सांगावं लागणार, आणि मग सतराच्या पाढ्यापर्यंत जावं लागणार. ती जिना उतरली. खाली तेजलची आई डबा उघडून तेजलला थालीपिठाचा तुकडा भरवत होती. "घे गं तूही," ती ललिताला म्हणाली. ललिताने पोट भरलंय म्हणून सांगितलं.

पुढचे चार आठवडे रोज सराव चालला. रोज संध्याकाळी बारा जणी एकेक करून उठायच्या आणि ललिताच्या आईला डोंगर चढवून हॉस्पिटलात पोचवायच्या. पहिल्या आठवड्यात तिला तिथून पळून जावंसं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात भलतंच झालं. ती वाट बघायला लागली. कामावर असताना तिला साडेपाचपासूनच क्लासचे वेध लागायचे. कारण तिथे आई वाचायची. एकदा नव्हे, संध्याकाळी बारा वेळा. एखादी मुलगी शेवटच्या वाक्याला विसरली तर ललिताचा जीव खालीवर व्हायचा, आणि "ओपन्ड हर आइज" ऐकलं की ती मागे टेकून बसायची.

एकदा तेजल चुकली. "टू मेन वॉकिंग साइड बाय साइड," असं म्हणाली.

"शेजारीशेजारी नाही गं," ललिता पटकन बोलून गेली. "एक पुढे असतो, एक मागे. वाट अरुंद असते."

"तुला काय माहीत?"

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. "आमच्याकडे असतात डोल्या," ललिता म्हणाली आणि खाली बसली.

स्वतःचा नंबर आला की तीही तेच म्हणायची. हळूहळू तिची जीभ वळायला लागली, सर खूष झाले. आणि मग एके सकाळी, पेशंटचं ब्लड प्रेशर घेताना, ती एकदम दचकली. हॉस्पिटलच्या खाटेवर आईने डोळे उघडलेले तिला दिसले होते. हिरवी चादर, वर पंखा, सगळं स्पष्ट. जे कधी घडलंच नव्हतं ते दिसत होतं, आणि घडलेलं आठवायला गेली तर रस्त्यावर डोली कुठे ठेवली होती तेच आठवेना. पेशंट म्हणाला, "सिस्टर, दुखतंय." पट्टा केव्हाचा आवळलेला होता. तिने माफी मागितली आणि हवा सोडली. आई एकदा हातातून गेली होती. आता जी उरली होती तीही आपण आपल्याच तोंडाने घालवतोय, असं तिला वाटलं, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

रविवारी फोन आला तेव्हा तिने विचारलं, "बाबा, आईला खाली कुठं ठेवलं होतं?"

"आता कशाला त्ये?" देवराम म्हणाला. "जेवलीस का?"

मुलाखती शनिवारी होत्या, मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात. सगळ्या जणी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, केस चापून बसवून आल्या होत्या. तेजलची आई दह्यासाखरेची वाटी घेऊन आली होती आणि तिने एकेक चमचा सगळ्यांच्या हातावर ठेवला. ललिताचा नंबर अकरावा होता.

आत टेबलामागे दोघं होती. आयर्लंडहून आलेल्या पिकल्या केसांच्या मेट्रन मॅडम, आणि मुंबईच्या एजन्सीचे एक गृहस्थ. कामाचे प्रश्न झाले. सलाइन, ड्रेसिंग, पेशंट पडला तर काय करशील. ललिताने नीट उत्तरं दिली. मॅडम मान डोलवत होत्या. मग सातवा प्रश्न आला.

"व्हेन आय वॉज इलेव्हन," ललिताने सुरुवात केली, "माय फॅमिली वेंट थ्रू अ व्हेरी रफ पॅच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. गृहस्थ हसायलाच लागले. "बाई," ते मराठीत म्हणाले, "तुमच्या नाशकात सगळ्यांच्याच आयांना साप चावतो का हो? सकाळपासून ही पाचवी. मॅडम कंटाळल्यात. स्वतःचं काही असेल तर सांगा, नाहीतर उठा."

स्वतःचं काही. तिच्याजवळ स्वतःचं म्हणून एवढंच तर होतं, आणि तेच चोरीचं ठरलं होतं. उठावं, असं तिला वाटलं. उठून गेलं तर फारसं काही बिघडणार नव्हतं. पंचवटी होती, वॉर्ड होता, रविवारचा फोन होता. ती उठायलाही लागली. आणि तेवढ्यात तिला मनापासून राग आला. सरांचा नाही, तेजलचा नाही. इतके दिवस मागे टेकून ऐकत बसलेल्या स्वतःचा.

"मॅडम," ती इंग्रजीत म्हणाली, "त्यांची आई वाचली. माझी आई मेली."

गृहस्थांचं हसू थांबलं. मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

मग ललिता बोलली. कसलं व्याकरण आणि कसलं काय. क्रियापदं पुढेमागे होत होती. चढ नव्हता, उतार होता. बोगदा नव्हता. आय वॉक बिहाइंड. आय टॉक. देन टेबल्स. टू टेबल, थ्री टेबल. ॲट सेव्हन्टीन आय फरगॉट. आय स्टॉप. शी डाइड. पंचविसातला एक शब्दप्रयोग तिच्या तोंडी आला नाही, आणि न आल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिने सतराचं सांगितलं होतं, आणि तेही कुणा परक्या बाईला, परक्या भाषेत.

मॅडमनी चष्मा काढला. सावकाश, तिला समजेल असं त्या म्हणाल्या, "तुला असं वाटतं, की तू थांबलीस म्हणून ती गेली?"

"येस."

"तुझ्याबरोबर तेव्हा आणखी कोण होतं?"

"माय फादर."

"त्यांना कधी विचारलंस?"

ललिताने मान हलवली. नाही.

"विचार," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आईचं नाव काय होतं?" बारा जणींनी चार आठवडे तिची आई डोंगरावरून नेली होती, पण तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. कागदावर ते नव्हतंच. "भागीबाई," ललिताने सांगितलं. मॅडमनी ते जमेल तसं लिहून घेतलं.

चार वाजता यादी लागली. ललिता भोये तिसरी होती. क्लासमधल्या फक्त दोघी निवडल्या गेल्या. क्रमांक सात शेवटपर्यंत म्हणणाऱ्यांपैकी एकीचंही नाव नव्हतं. तेजल आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेत होती. ललिता जवळ गेली तेव्हा तिने डोळे पुसले आणि तिचा हात हातात घेतला. "काँग्रॅट्स गं. तू दुसरं काहीतरी सांगितलंस, हुशार आहेस. आमचं तर डबडं वाजलं." मग नाक पुसून ती म्हणाली, "पण काही म्हण, ज्या कुणाची गोष्ट असेल, त्या बाई वाचल्या हे बरं झालं. मला म्हणताना रोज बरं वाटायचं."

"मलाही," ती म्हणाली. तेजलच्या आईने स्कूटर सुरू केली आणि त्या दोघी गेल्या.

हॉटेलच्या पायऱ्यांवर एका बाजूला उभं राहून तिने बापाला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून देवराम घाबरला. "काय झालं? बरी हायेस ना?"

"बरी आहे. बाबा, माझी निवड झाली. परदेशात."

"लय लांब हाय का?"

"लांब आहे."

"बरं झालं," देवराम म्हणाला. बागेत कुणीतरी त्याला हाक मारत होतं, त्याने ओ दिली नाही. "बरं झालं, पोरी."

इथे नेहमी दोघं गप्प व्हायचे आणि फोन ठेवायचे. ललिताने ठेवला नाही. "बाबा, त्यांनी आईचं विचारलं. मी सांगितलं, की मी सतराच्या पाढ्याला थांबले, म्हणून आईला झोप लागली आणि ती गेली."

"कोन म्हनलं असं?"

"कुणी नाही. मलाच माहीत आहे."

"तुला काय म्हाईत?" देवरामचा आवाज चढला. असा चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. मग तो एकदम खाली आला. "ती वरच्या वड्यापाशीच गेली व्हती, पानी वलांडताना. तुझं पाढं नुकतंच चालू झालं व्हतं, चार का पाचवा असंल. मागचा खांदा माझा, तिचं तोंड माझ्याच समूर. मान कलली, मी बगितलं. पुढच्यानं मागं बगितलं, तवा मानंनंच खुनावलं, चालत ऱ्हा."

ललिता पायरीवर बसली. नर्सिंगच्या पुस्तकात तिने मण्यारीचं वाचलं होतं. पापण्या, मग घसा, मग श्वास. आवाज फार लवकर जातो, असं तिथे छापलेलं होतं. पण ते तिने आपल्या आईला कधी लावून पाहिलं नव्हतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मी ऐकलंय. सोळापर्यंत आई हं म्हणत होती. प्रत्येक पाढ्याला."

पलीकडे देवरामचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा, हं कोण म्हणत होतं?"

"मी म्हनत व्हतो."

समोर मुंबई नाक्यावर सिग्नल सुटला आणि गाड्या एकदम निघाल्या. ललिताने दुसरा कान हाताने दाबून धरला.

"मी गप ऱ्हायलो असतो तर तुला कळलं असतं, आन् तुला कळलं असतं तर माजं पाय उचललं नसतं," देवराम म्हणाला. "रस्ता येईस्तोवर तुज्या पाढ्यावर चाललो मी. तू म्हनायचीस, मी हं म्हनायचो. मग सतराला तू अडलीस. मागं वळून सांगावं वाटलं, पन मला कुटं पाढं येत्यात? पुढचं येत असतं तर सांगितलं असतं गं पोरी."

ललिता मोठ्याने रडायला लागली. आत जाणारी येणारी माणसं बघत होती, तिने चेहरा झाकला नाही. पलीकडे बापही रडत होता. बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.